कॅसिनोची चिप: घडण आणि रद्दबातल होणे

(दृश्य: भोसरी एमआयडीसी, मोल्डिंग प्रेस)

पुण्यात कॅसिनो नाही. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्दच करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे पुणेकराच्या हाती चिप, म्हणजे जुगारात पैशांऐवजी वापरायची चकती, पडते ती बहुधा पणजीला, मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. तिची घडण मात्र भोसरीत रबरी सील दाबून काढणाऱ्या कामगाराला परकी वाटणार नाही.

(दृश्य: चिपची कड, अगदी जवळून)

अमेरिकी पद्धतीच्या चिपच्या कडेवर दिसणारे रंगीत पट्टे छापलेले नसतात. मातकट मिश्रणाच्या चकतीला कडेने खाच पाडून तिथे दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात, मध्यभागी छापील चकती ठेवतात आणि साच्यात उष्णता व प्रचंड दाब देऊन सगळे एकजीव करतात. त्यामुळे पट्टा कडेवरून पृष्ठभागावर सलग उतरतो, आणि नक्कल करणाऱ्याची अडचण होते ती नेमकी इथेच. व्यास सुमारे 39 मिलिमीटर. मोठ्या रकमेच्या चिपमध्ये अनेकदा आरएफआयडी टॅगही (रेडिओलहरींनी ओळख पटवणारा छोटा तुकडा) असतो.

एवढा खटाटोप करावा लागतो, कारण ग्राहकाकडे असलेली प्रत्येक चिप कॅसिनोच्या हिशेबात देणे असते. डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा कर्मचारी, चिप्सच्या चळतींची उंची एकमेकींशी ताडून रक्कम मोजतो. कडा झिजल्या की चळत डगमगते आणि संच बदलावा लागतो. पण कधी कधी धडधाकट चिपही बाद करावी लागते.

(दृश्य: लास व्हेगास, रात्र)

14 डिसेंबर 2010 रोजी पहाटे हेल्मेट घातलेल्या एका माणसाने बंदुकीच्या धाकावर बेलाजिओ कॅसिनोतून सुमारे 15 लाख डॉलरच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोने 25,000 डॉलरच्या चिपची ती मालिकाच बंद केली आणि चिप्स वटवण्यासाठी 22 एप्रिल 2011 ही अखेरची तारीख दिली. 2016 ची नोटबंदी अनुभवलेल्यांना हा डाव ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की इथे चलन काढणारा आणि रद्द करणारा दोन्ही खासगी मालक होता. चोर अखेर सापडला तो याच चिप्स विकण्याच्या खटपटीत, आणि त्यात नवल ते काय!

मालकाला मनमानी मात्र करता येत नाही. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या नियमांनुसार बंद होणाऱ्या चिप्स वटवण्याची व त्यांची विल्हेवाट लावण्याची योजना आधी नियामकापुढे ठेवावी लागते, जाहीर सूचना द्यावी लागते आणि ग्राहकांना पुरेशी मुदत द्यावी लागते. परत आलेल्या चिप्स त्या योजनेप्रमाणे नष्ट होतात. मुदत उलटल्यावरही कोणाच्या खिशात राहिलेल्या चिपला मग संग्राहक देईल तीच किंमत.