गावं जोडायची की कामं?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावाची ग्रामसभा आमच्या गावात भरत नाही. ती भरते चार किलोमीटरवर, गटग्रामपंचायतीच्या मोठ्या गावात. मधे नाला आहे. 15 ऑगस्टला नाल्याला पाणी नसेल तर आमच्याकडची दहा-बारा माणसं तिथे पोहोचतात. बाया जात नाहीत. तेव्हा निंदणाचे दिवस असतात आणि सभेपायी एक दिवसाची मजुरी सोडणं कोणालाच जमत नाही. मग कोरम मोठ्या गावाच्या माणसांनीच पुरा होतो. कायद्यात कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत कमी असेल तो. त्यामुळे आमचं एकही माणूस नसलं तरी सभा कायदेशीर होते आणि आमच्या हातपंपाचा विषय पुढच्या सभेवर जातो.

मी चौतीस वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच आहे. नोकरीतली सहा वर्षं माझ्याकडे तीन ग्रामपंचायती होत्या. सोमवार पंचायत समितीच्या बैठकीत जायचा, उरलेले दिवस तिन्ही गावांत वाटायचे. निराधार योजनेसाठी रहिवासी दाखला हवा असलेली एक म्हातारी दोनदा आली, आणि दोन्ही वेळा मी दुसऱ्या गावात होतो. तिसऱ्यांदा भेटली तेव्हा तिनं तक्रार केली नाही. ऑटोचे पैसे कितीदा गेले, एवढं मात्र सांगितलं. त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कार्यालय किती लांब आहे हे किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, ते बुडालेल्या मजुरीत मोजावं लागतं.

हे आज सांगायचं कारण असं, की लहान ग्रामपंचायती परवडत नाहीत, चार मिळून एक करा, हे मत पुष्कळ समंजस माणसांकडून मी ऐकतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. सात सदस्यांच्या लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून शिपायाचा पगार आणि दिवाबत्तीचं बिल निघत नाही, हे मी माझ्या हातानं लिहिलेल्या हिशेबाच्या नमुन्यांत पाहिलं आहे. जिथे वसुलीच नाही तिथे स्वराज्य कागदावरच राहतं.

जगात हा प्रयोग झालेला आहे. डेन्मार्क देशाची लोकसंख्या आपल्या अमरावती विभागाच्या निम्म्याच्या आसपास. 1 जानेवारी 2007 ला त्यांनी 271 नगरपालिका मिळवून 98 केल्या. पण नुसत्या हद्दी पुसल्या नाहीत, त्याबरोबर कामांचीही नवी वाटणी केली. दवाखाने पाच नव्या प्रादेशिक संस्थांकडे गेले. शाळा, म्हाताऱ्या माणसांची देखभाल ही रोजची कामं नगरपालिकांकडे राहिली. किमान 20 हजार लोकवस्तीचा हिशेब धरला होता. काही लहान बेटांनी विलीन व्हायला नकार दिला, तेव्हा त्यांना वेगळं राहू दिलं, पण शेजारच्या मोठ्या नगरपालिकेबरोबर कामं मिळून करायची अट घातली. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. गाव स्वतःच्या नावानं राहतं आणि काम मात्र एकत्र होतं.

नॉर्वेनं मात्र ऐकून घेतलं नाही. त्यांनी उत्तरेकडचे ट्रोम्स आणि फिनमार्क हे दोन प्रांत 2020 मध्ये एकत्र केले. फिनमार्कच्या लोकांनी आधीच मतदान घेऊन मोठ्या बहुमतानं नाही म्हटलं होतं. तरी जोडले. 1 जानेवारी 2024 ला ते पुन्हा वेगळे झाले.

आता आपल्याकडे येऊ. वाशिम-यवतमाळच्या माणसाला हा विषय परका वाटू नये, कारण महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदेचा आराखडा ज्यांच्या समितीनं केला ते वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. 1961 चा कायदा त्या समितीच्या शिफारशींवर उभा राहिला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधी नागपूरकडच्या भागात तहसील पातळीवर जनपद सभा होत्या. म्हणजे कोणतं काम कोणत्या पातळीवर ठेवायचं, हा प्रश्न आपल्या भागात दोनदा तरी सोडवून पाहिलेला आहे. नाईक समितीनं जिल्ह्यावर भर दिला, कारण अभियंता, डॉक्टर, कृषी अधिकारी ठेवण्याची ताकद तिथेच होती. पुढे 73वी घटनादुरुस्ती आली, 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि तिनं पंचायतींसाठी 29 विषयांची यादी दिली. यादीतलं काम नेमकं कोणी करायचं, गावानं, पंचायत समितीनं की जिल्हा परिषदेनं, हे मात्र राज्यावर सोपवलं. घोळ तिथे सुरू झाला.

पैशाचंच पाहा. चौदाव्या वित्त आयोगानं निधी थेट ग्रामपंचायतीला दिला. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात 80 टक्के गावाला, 10 पंचायत समितीला आणि 10 जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. पैसा गावात आला, माणूस आला नाही. नालीचं अंदाजपत्रक करायला, तांत्रिक मंजुरी द्यायला, एमबी म्हणजे कामाच्या मोजमापाची वही लिहायला पंचायत समितीचा शाखा अभियंताच लागतो, आणि त्याच्याकडे गावं किती ते त्यालाच विचारा. मार्चमध्ये त्याच्या टेबलाभोवती सरपंचांची गर्दी पाहिली की वाटतं, या लोकांना मोठी पंचायत नको आहे, एक इंजिनिअर हवा आहे. दहा-पंधरा ग्रामपंचायतींनी मिळून एक अभियंता आणि एक हिशेबनीस ठेवला तर अर्धं दुखणं तिथेच कमी होईल. त्यासाठी एकाही गावाचं नाव पुसावं लागत नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात जमिनीखालचं पाणी खारं आहे. एखाद्या गावानं कितीही खोल विहीर खणली तरी गोडं पाणी लागत नाही. म्हणून अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरून 84 खेडी योजना झाली आणि अकोल्याकडे काटेपूर्णेवरून 64 खेडी योजना. धरण, शुद्धीकरण, मुख्य वाहिनी हे काम एका गावाच्या आवाक्यातलंच नाही, ते मोठ्या संस्थेनंच करायला हवं. पण गावातली टाकी, गल्लीतला नळ, पाणीपट्टी आणि कोणत्या वस्तीला आधी पाणी सोडायचं, हे ज्याला तिथल्या बायांची नावं माहीत आहेत त्यानंच ठरवावं. जिथे या दोन कामांची सीमा कागदावर नीट आखलेली नसते तिथे शेपटाकडचं गाव कोरडं राहतं आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवतात.

पांदण रस्त्याची गत याहून वाईट. नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात. अतिक्रमण काढायचं तहसीलदारांनी. माती-मुरूम रोजगार हमीतून, त्याचा ठराव ग्रामपंचायतीचा, अंदाजपत्रक पंचायत समितीचं. वावरातला कापूस बंडीवर घरी आणायचा तर शेतकऱ्यानं चार दारं हिंडायची. माझं म्हणणं, पांदण पूर्णपणे ग्रामपंचायतीकडे द्या, मोजणी तेवढी भूमी अभिलेखकडे आणि पोलीस बंदोबस्त तहसीलकडे ठेवा.

उलट अग्निशमन गाडीचं आहे. ती कोणत्याही ग्रामपंचायतीला परवडणार नाही. एप्रिलमध्ये कुटाराच्या गंजीला आग लागते आणि गाडी नगरपरिषदेच्या गावाहून येईपर्यंत कोठा जळून जातो, बांधलेल्या बैलांसकट. हे काम तालुक्याचं आहे आणि तालुक्याकडेच पैशांसह द्यायला हवं.

गावाचं शहर करण्याबद्दलही दोन शब्द. 2016 मध्ये अकोला महानगरपालिकेची हद्द वाढली आणि शेजारची 24 गावं शहरात गेली. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. त्यामुळे रस्ते, दिवे सुधारण्याची वाट मोकळी होते, हे खरं. पण रोजगार हमीचा कायदा ग्रामीण भागापुरता आहे आणि नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. गडचिरोलीत हे जास्त खोलवर जातं. एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोरा हा अनुसूचित भाग. राज्यघटनेचा नगरपालिकांविषयीचा भाग तिथे आपोआप लागू होत नाही, संसदेनं कायदा केला तरच होतो. अनुसूचित म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्यानं जिथे ग्रामसभेला जंगल, पाणी, गौण खनिज यांवर बोलण्याचा हक्क दिला, तिथे ग्रामसभाच नाहीशी करणं मला मान्य नाही.

त्याच पेसात वाटही आहे. महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांनुसार एखादा पाडा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. ग्रामपंचायत मोठी राहिली तरी सभा पाड्याची. केरळात हेच सगळीकडे चालतं. तिथल्या 941 ग्रामपंचायती आपल्या मानानं खूपच मोठ्या आहेत, पण ग्रामसभा प्रत्येक वॉर्डाची वेगळी भरते, आणि 1996 नंतर राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के निधी स्थानिक संस्थांकडे देण्याचं धोरण तिथे आलं. मोठ्या पंचायतीची मला भीती नाही. लांबच्या सभेची आहे.

त्यामुळे कोणी तुमच्या गावात विलीनीकरणाचा ठराव घेऊन आलं तर सही करण्याआधी त्यांना विचारा: ग्रामसभा कुठे भरेल? दाखला कुठे मिळेल आणि कोणत्या वारी? आमच्या वस्तीचा निधी वेगळा दिसेल का? ही उत्तरं ठरावातच लिहून मागा. तोंडी आश्वासन इतिवृत्तात येत नाही, हे मी चौतीस वर्षं इतिवृत्त लिहिलेला माणूस सांगतो आहे.

आमच्या गावानं मागच्या वर्षी सरपंचांकडे अर्ज दिला की ग्रामसभा आळीपाळीनं प्रत्येक गावात घ्या. त्यांनी तो मान्य केला. येत्या 1 मेची ग्रामसभा आमच्या शाळेच्या पटांगणात आहे, ऊन चढायच्या आत, सकाळी आठला. मे महिन्यात निंदण नसतं. बचत गटाच्या बायांनी सतरंज्या आणि पाण्याचे माठ स्वतःकडे घेतले आहेत, आणि विषयपत्रिकेत पहिला विषय हातपंपाचा आहे.