आडवा धागा

(नाशिकला गोदाकाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझ्या हातात आहे ते वाळलेलं घोसाळं. वेलावरच राहून गेलं, जून झालं, सुकलं. साल सोलली, बिया झटकल्या आणि आत ही जाळी उरली. लहानपणी येवल्याला आमच्या न्हाणीघरात साबणाच्या वडीशेजारी ही असायचीच. अंग घासायला दुसरं काही मिळतं हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

ही जाळी म्हणजे फळाला पाणी आणि अन्न पोचवणाऱ्या शिरा. कोवळ्या घोसाळ्याची भजी खाताना त्या दाताला कळतसुद्धा नाहीत. यातले उभे दोरे कशासाठी आहेत ते लगेच समजतं. पाणी देठातून येतं, टोकापर्यंत जायचं असतं. पण हे आडवे, तिरपे, एका दोऱ्याला दुसऱ्याशी बांधणारे तंतू कशाला? आज मला फक्त या आडव्या धाग्याबद्दल बोलायचं आहे. तीस वर्षं मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवलं, आणि जिथे जिथे जाळी भेटली तिथे तिथे मला हाच प्रश्न पडत गेला.

त्याचं मूळ बहुधा येवल्यातच आहे. आमच्या शेजारी माग होता. ताणा, म्हणजे उभे धागे, लावून झाला की मला वाटायचं, झालं की कापड! इतके धागे, इतके ताठ, एकाला एक लागून. पण हात फिरवला की बोटं सरळ आरपार जायची. धोटा फिरून बाणा, म्हणजे आडवा धागा, बसू लागला की मग बोटं अडायची. पैठणीच्या पदरावरचा मोर तर आडव्या धाग्यानेच भरतात. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे ते धागे एकमेकांत अडकवून घ्यावे लागतात. नाहीतर तिथे फट राहते.

आता द्राक्षाच्या पानाकडे येऊ. नाशिककरांना ते काय दाखवायचं! देठाशी पाच मुख्य शिरा, हाताच्या पंजासारख्या पसरलेल्या. त्यांना फांद्या, फांद्यांना उपफांद्या. इथपर्यंत ते झाड आहे. पण पान उजेडासमोर धरा. बारीक शिरा टोकाला जाऊन संपत नाहीत, शेजारणीला जाऊन मिळतात. बारीक बारीक चौकटी तयार होतात. केवळ पाणी पोचवायचं असेल तर याची गरज नाही. झाडासारख्या फाटत जाणाऱ्या नळ्या कमी खर्चात तेच काम करतात. गिंको नावाचं एक फार प्राचीन कुळातलं झाड आहे. त्याच्या पानातल्या शिरा दोनात फाटत जातात आणि सहसा पुन्हा एकमेकींना भेटत नाहीत. ते झाडही जगतंच आहे. मग द्राक्षाच्या वेलीने जास्तीचा खर्च का करावा?

२०१० साली भौतिकशास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे हे गणित मांडलं. उत्तर जवळपास सारखं आलं. प्रवाह कायम एकसारखा असेल आणि कधीच काही तुटणार नसेल, तर झाडाची रचना सर्वांत काटकसरीची. पण एखादी शीर तुटू शकते असं धरलं, किंवा पाण्याची मागणी कधी इथे तर कधी तिथे वाढते असं धरलं, की त्याच गणितातून वेटोळी, म्हणजेच जाळी, आपोआप उमटते. एका गटाने लिंबाच्या पानाला भोक पाडून चमकणारा रंग देठातून सोडला. रंग भोकाला वळसा घालून पलीकडे पोचला. गिंकोच्या पानात मात्र भोकापलीकडचा पट्टा कोरडाच राहतो.

निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींनी गारपीट पाहिली आहे. गार लागून पानाला भोक पडतं, पण भोकापलीकडचं पान पुष्कळदा हिरवंच राहतं. ते ज्या शिरांवर जगतं, त्या शिरा त्याआधी बिनकामाच्याच वाटल्या असत्या.

आता तुमच्याच शरीरातला आडवा धागा पाहू. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. डाव्या हाताने मनगटावर दोन ठिकाणी दाबा, अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते तिथे आणि करंगळीच्या बाजूला तितक्याच अंतरावर. दाब न सोडता मूठ सैल उघडा. तळवा पांढुरका दिसेल. आता मनगटावर करंगळीच्या बाजूला दाबलेलं बोट तेवढं उचला. बघा, काही सेकंदांत अख्खा तळवा गुलाबी झाला, अंगठासुद्धा! अंगठ्याकडची रक्तवाहिनी अजून तुम्ही दाबूनच धरली आहे. तळव्यात या दोन्ही रक्तवाहिन्या कमानीसारख्या एकमेकींना मिळतात, म्हणून हे घडतं. एडगर ॲलन या डॉक्टरांनी १९२९ मध्ये मांडलेल्या चाचणीचं हे आजचं रूप आहे. मनगटातून अँजिओग्राफी करण्यापूर्वी किंवा तिथली रक्तवाहिनी बायपाससाठी काढण्यापूर्वी डॉक्टर अनेकदा हेच करून बघतात. कुणाचा तळवा उशिरा लाल झाला तर घाबरू नका. ही जोडणी प्रत्येकात सारखी जाड नसते, आणि दाबण्यातही फरक पडतो.

विल्यम हार्वी या इंग्लिश वैद्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा त्याच्या सिद्धांतात एक फट होती. हृदयातून बाहेर जाणारं रक्त आणि परत येणारं रक्त, यांच्यामध्ये नेमकं काय आहे, हे त्याला दिसलं नव्हतं. तसं काहीतरी असलंच पाहिजे, हे तो तर्काने सांगत होता. १६५७ मध्ये तो गेला. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्याने बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक रोखला आणि ती फट भरली. तिथे केशवाहिन्यांचं जाळं होतं. त्या इतक्या अरुंद असतात की सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबडी पेशी त्यातून जाताना पुष्कळदा दुमडून जाते. हार्वीला चार वर्षं अजून मिळायला हवी होती, असं मला हे शिकवताना दर वेळी वाटायचं.

पण शरीरात सगळीकडे अशी जोडणी नाही. डोळ्याच्या पडद्याला रक्त देणारी मुख्य रक्तवाहिनी एकटी आहे. ती अचानक बंद झाली तर क्षणात दिसेनासं होऊ शकतं, आणि म्हणूनच अशा वेळी सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठायचं असतं. हृदयाची गोष्ट मधली आहे. त्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये अगदी बारीक आडवे दुवे असतात. अडथळा हळूहळू वाढला तर हे दुवे रुंदावतात. अचानक गुठळी झाली तर रुंदावायला त्यांना वेळच मिळत नाही.

हाडांबद्दल जरा जास्त बोलणार आहे. माझी आई ओट्याखालचा पिठाचा डबा उचलायला वाकली आणि पाठीत कळ आली. पडली नाही, आपटली नाही. मणका चेपला होता. मी हाडं शिकवणारी बाई, आणि घरातल्या हाडांचं काय चाललंय ते मला कळलं नाही, याची टोचणी अजून आहे.

मणका आतून भरीव नसतो. पावाच्या तुकड्यासारखी आत हाडाच्याच बारीक काड्यांची जाळी असते, उभ्या काड्या आणि त्यांना धरणाऱ्या आडव्या. या जाळीची रचना उगाच नसते. १८६० च्या दशकात झुरिचमध्ये हर्मान फॉन मेयर हा शरीररचनाशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचा उभा छेद अभ्यासत होता. कार्ल कुलमान या अभियंत्याने तो पाहिला आणि त्या काड्यांच्या रेषांत त्याला आपल्या क्रेनच्या आराखड्यातल्या ताणाच्या रेषा ओळखू आल्या. भार जिथून जातो, तिथे हाड काडी ठेवतं. भार गेला की काडीही जाते. अंतराळवीरांच्या भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, ती त्यामुळेच.

म्हातारपणी मणक्यातल्या आडव्या काड्या आधी जातात. उभ्या तशाच दिसत राहतात. बांधकामावरची बांबूची परांची आठवा. उभ्या बांबूंना मध्ये मध्ये आडवे बांधलेले असतात. त्यातला एक आडवा बांबू काढला की उभ्या बांबूचं आधाराविना अंतर दुप्पट होतं. १८व्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडलेलं सूत्र सांगतं की अंतर दुप्पट झालं की त्याच बांबूला वाकवायला पाव भार पुरतो. निम्मा नव्हे, पाव! बांबू तितकाच जाड, तितकाच चांगला, फक्त त्याला धरणारा आडवा गेलेला. आईचं तेच झालं होतं.

‘कॅल्शियम कमी झालं’ एवढंच आपण म्हणतो, ते मला म्हणूनच अपुरं वाटतं. हाड नवीन थर चढवतं ते असलेल्या काडीवर. काडीच तुटून नाहीशी झाली तर थर चढवायला जागा राहत नाही. औषधं राहिलेल्या काड्या सांभाळतात, जाडही करतात, पण तुटलेला दुवा परत आणणं फार अवघड. तेव्हा बायांनो, पाळी गेल्यावर हाडांची तपासणी कधी करायची, हे आपल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा. माझ्या आईसारखी कळ येण्याची वाट बघू नका.

कोळ्याचं जाळं तुम्हाला पाठ आहे. त्यात एवढंच बघा की मधून निघणारे आरे कोरडे असतात. सावज धरणारा चिकट धागा म्हणजे त्यांवरून फिरणारा गोल धागा. तो घालण्याआधी कोळी कोरड्या धाग्याचा एक तात्पुरता फेरा घालतो आणि चिकट धागा बसवताना तो काढून टाकतो. काम झालेली परांची उतरवावी, तसं.

आणि हे आपलं गाव. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी कुठवर चढलं म्हणून. सांडवे, म्हणजे नदी ओलांडायच्या बुटक्या फरशा, आधीच बुडालेले असतात. पंचवटीत राहणारा माणूस मग होळकर पुलाकडे वळतो, तिथे गर्दी असेल तर आणखी लांबच्या पुलाकडे. एरवी ज्या पुलावरून आपण महिनोन्‌महिने जात नाही, तो त्या दिवशी आपल्याला घरी पोचवतो. गल्लीतल्या नळाचंही तसंच आहे. एकाच बाजूने आलेल्या आणि पुढे बंद असलेल्या वाहिनीवरचं शेवटचं घर कायम तक्रार करतं. तीच वाहिनी पलीकडच्या वाहिनीला जोडली की त्या घराला दोन बाजूंनी पाणी येतं, आणि एकीकडे खोदकाम चालू असलं तरी नळ कोरडा राहत नाही. त्या जोडणीचा खर्च अंदाजपत्रकात फालतू वाटतो. मी तो कधीच फालतू म्हणणार नाही.

या डब्यात पिंपळाची पानं आहेत. पाण्यात भिजत ठेवून गर कुजू दिला, मग मऊ ब्रशने हलकेच धुतली. फक्त शिरा उरल्यात. पुढच्या रांगेपासून मागे जाऊ द्या, देठाला धरा, आणि समोरच्या दिव्यासमोर धरून एखादी बारीक शीर निवडा. देठापासून तिच्यापर्यंत किती वाटांनी जाता येतं, ते मोजून पाहा. मुलांना आधी द्या, त्यांचे डोळे चांगले असतात.