खटला कुणाच्या कोर्टात?

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘एका आर्चबिशपचा खून’ असा छापलाय. मी दिला होता ‘क्लॅरेंडनची सोळा कलमं’, म्हणजे इंग्लंडच्या राजानं चर्चच्या अधिकारांना घातलेली वेसण. कार्यवाह म्हणाले, कलमांना कोण येणार? त्यांचं चुकलं नाही, खुनामुळे मागच्या खुर्च्याही भरल्यात. तेव्हा आधी खून उरकू.

माझी एक जुनी तक्रार आहे. ‘या उपद्व्यापी पाद्र्यापासून मला कुणीच सोडवणार नाही का?’ असं इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आर्चबिशप टॉमस बेकेटबद्दल ओरडला आणि चार सरदार तलवारी घेऊन निघाले, हे सगळ्यांना पाठ असतं. नेत्याच्या बोलण्याचा अर्थ कार्यकर्त्यांनी परस्पर लावला की अग्रलेखात हे वाक्य ठरलेलं. पण समकालीन लिखाणात ते सापडत नाही! एडवर्ड ग्रिम हा खुनाच्या वेळी टॉमस बेकेटच्या शेजारी उभा होता. तो राजाच्या तोंडी जे देतो त्याचा मतलब असा, की मी घरात कसली ऐतखाऊ, फितूर माणसं पोसली. एका हलक्या कुळातला पाद्री धन्याचा अपमान करतो आणि हे बघत बसतात! राग सगळा नोकरांवर. माझी उभी हयात वकिलीत गेली, तेव्हा सांगतो, एवढ्या वाक्यावर चिथावणीचा आरोप टिकवताना सरकारी वकिलाला घाम फुटेल.

आणि ‘हलक्या कुळातला’ म्हणजे लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला चान्सलर, म्हणजे राजाचा मुख्य सचिव, केलं ते हेन्रीनंच, आणि ११६२ मध्ये कँटरबरीच्या गादीवर, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च पदावर, बसवलं तेही त्यानंच. आपला माणूस तिथं असला की चर्च खिशात, हा हिशेब. खुर्ची मिळाल्यावर आपला माणूस किती दिवस आपला राहतो, हे समोर बसलेल्या सहकारातल्या मंडळींना मी काय सांगावं! (हशा)

असो. २९ डिसेंबर ११७०. चौघं सरदार बेकेटकडे आधी शस्त्रं बाहेर ठेवून आले. बेकेटनं बहिष्कृत केलेल्या बिशपांना मोकळं करावं, ही मागणी. सहा वर्षं फ्रान्समध्ये परागंदा राहून तो महिन्याभरापूर्वीच परतला होता, नमतं घेणार कशाला? हुज्जत वाढली, चौघं बाहेर पडले आणि चिलखतं चढवून आले. मठातल्या साधूंनी बेकेटला ओढत-ढकलत चर्चमध्ये नेलं. ते दाराला अडसर घालायला लागले, तर हा म्हणतो, प्रार्थनेच्या घराचा किल्ला करू नका. चौघांपैकी फिट्झउर्स अंगावर आला तेव्हा बेकेट त्याला ‘भडवा’ म्हणाला. हे ग्रिमनंच लिहून ठेवलंय. संताच्या तोंडची शिवी त्यानं गाळली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. पहिल्याच घावात ग्रिमचाही हात कापला गेला. शेवटचा घाव चौघांतल्याच ले ब्रेटनचा, त्यात तलवारीचं टोक फरशीवर आपटून तुटलं. पुढे अंगावरचे कपडे काढले तर आत देहाला क्लेश म्हणून घालायचा केसांचा खरखरीत सदरा, उवांनी बुजबुजलेला. तोवर नाकं मुरडणारे साधूही तो पाहून हेलावले. ११७३ मध्ये पोपनं त्याला संत ठरवलं.

कार्यवाहांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

भांडणाचं मूळ असं. फिलिप द ब्रॉय हा बेडफर्डचा चर्चचा पदाधिकारी, त्याच्यावर एका सरदाराच्या खुनाचा आरोप. बिशपच्या कोर्टात तो निर्दोष असल्याच्या शपथेवर सुटला. ११६३ मध्ये राजाच्या न्यायाधीशानं प्रकरण पुन्हा उकरलं, तर यानं त्या न्यायाधीशालाच शिव्या घातल्या. हेन्री खवळला. चर्चच्या कोर्टाला रक्त सांडणारी शिक्षा देता येत नसे. पद काढून घेतलं की फार झालं. जानेवारी ११६४ मध्ये क्लॅरेंडनला तिसरं कलम आलं: आरोप राजाच्या कोर्टात, सुनावणी चर्चच्या कोर्टात राजाच्या माणसासमक्ष, दोषी ठरला तर चर्चनं पाठीशी घालायचं नाही, म्हणजे पद गेल्यावर वर राजाची शिक्षा. बेकेट म्हणे, एका गुन्ह्याला दोन शिक्षा देवसुद्धा देत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की बाजू हेन्रीची भक्कम होती आणि ती त्याच्याच चार सरदारांनी बुडवली. क्लॅरेंडनच्याच एका कलमानं राजाच्या परवानगीशिवाय पोपकडे अपील बंद केलं होतं; ११७२ मध्ये नॉर्मंडीतल्या आव्हरांशला पोपच्या दूतांशी समझोता करताना त्याला अपिलं रोमला जाऊ द्यावी लागली. पुढे पाद्र्यांचे बहुतेक गुन्हेही चर्चच्याच कोर्टात राहिले. ११७४ मध्ये कँटरबरीत अनवाणी चालत जाऊन त्यानं साधूंचे फटके खाल्ले. आणि मारेकरी? फाशी कुणालाच नाही. बहिष्कार, आणि प्रायश्चित्त म्हणून पवित्र भूमीला रवानगी!

पुढे तर बायबलमधलं एक कडवं वाचून दाखवलं की पाद्री नसलेल्यालाही पाद्र्यांची ही सवलत मिळू लागली आणि फाशी टळू लागली. नाटककार बेन जॉन्सननं १५९८ मध्ये एका नटाला द्वंद्वात मारलं आणि अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग घेऊन तो घरी गेला. इंग्लंडात हे १८२७ पर्यंत चाललं. अपिलांच्या कलमावर कुणाला विचारायचं असेल तर मी खाली जिन्यापाशी थांबतो. हॉल आठला रिकामा करून द्यायचाय.