शरीराचा हिशेब आणि स्टेरॉइडच्या गोळ्या

नमस्कार श्रोतेहो. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि तिथे आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. मग निरोप पोचला कसा? रक्तातून! सिक्रेटिन नावाच्या द्रव्याने तो पोचवला होता. अशा द्रव्यांना आपण संप्रेरकं किंवा हार्मोन म्हणतो.

संप्रेरक रक्ताबरोबर अंगभर फिरतं, पण ज्या पेशींकडे त्याला ओळखणारे ग्राही असतात, त्यांच्यावरच त्याचा परिणाम होतो. मला त्याहून थक्क करतो तो शरीराचा हिशेब. किती बनवायचं आणि कधी थांबायचं, हे शरीर सतत ठरवत असतं.

कॉर्टिसोलचंच घ्या. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियूषिका ग्रंथीला इशारा देतो, पियूषिका एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोल तयार करतात. ते रक्तात पुरेसं झालं, की मेंदू आणि पियूषिका आपला इशारा कमी करतात. थायरॉइडचंही असंच. म्हणून थायरॉइड मंदावलं, की तपासणीत टीएसएच, म्हणजे पियूषिकेने थायरॉइडला दिलेला इशारा, बहुधा वाढलेलं दिसतं.

आता दम्यासाठी किंवा संधिवातासाठी कुणी काही आठवडे प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतोय असं समजा. ही गोळी कॉर्टिसोलचंच काम करते. मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि इशारा जवळजवळ बंद होतो. अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात, आक्रसतात. अशात बरं वाटलं म्हणून गोळी एकदम सोडली, तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. विलक्षण थकवा येतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जिवावर बेततं.

स्टेरॉइड म्हटलं की नाक मुरडणं मला पटत नाही. या औषधांनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण बरेच दिवस घेतलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कळकळीने सांगते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, तो ग्रंथींना पुन्हा कामाला लागायला वेळ मिळावा म्हणून.

आणखी एक. मोठ्या आजारात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी निरोगी शरीर जास्त कॉर्टिसोल बनवतं, सुस्तावलेल्या ग्रंथींना ते जमत नाही. म्हणून शस्त्रक्रिया ठरली, तर अलीकडच्या महिन्यांत स्टेरॉइड घेतलं होतं हे डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.