बांगड्याचा डोळा, मोरीचा डोळा आणि आपला डोळा

मालवणच्या मासळी बाजारात मावशी कितीही ओरडून सांगू देत की ताजा आहे, घेणारा आधी माशाचा डोळा बघतो. चकचकीत, फुगीर असला तर भाव विचारायचा, दुधाळ होऊन आत गेला असेल तर पुढची टोपली. म्हणजे कोकणातला माणूस कॉर्नियाची, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, तपासणी रोज करतोय, तेही कुठल्याही मशीनशिवाय.

हा बांगडा जरा जवळून बघू. डोळ्यावर पुढून आणि मागून पारदर्शक चरबीची पापणी आलीय आणि मधे उभी फट ठेवलीय. कॉर्निया तिच्या आत.

माणसाचा कॉर्निया मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. बाहेरून पेशींचे पाच-सहा थर, मधे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंच्या दोनशेच्या वर पातळ चादरी आणि सगळ्यात आत फक्त एक पेशी जाडीचा थर, बहुतेक पेशी षटकोनी. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधे मूळ आराखडा साधारण हाच, फरक पडतो तो बारकाव्यांत. आणि हा भाग आरपार दिसतो कसा? डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मधे मांडलं की तंतू एकसारखे बारीक आणि ठरावीक अंतरावर रचलेले असतात, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही. आतला तो एक थर सतत पाणी बाहेर ओढत राहतो म्हणून हे अंतर टिकतं. जीव गेला की ते काम थांबतं, पाणी आत शिरतं, तंतू एकमेकांपासून सरकतात आणि काच धुरकट होते. टोपलीतला तो दुधाळ डोळा बऱ्याच अंशी यामुळेच.

बाहेरच्या थराची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या शॉन कॉलिन आणि बॅरी कॉलिन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मासे, बेडूक, सरडे, पक्षी, सस्तन प्राणी अशा सगळ्यांचे कॉर्निया ठेवून बघितले, २००० साली ते छापून आलं. खाऱ्या पाण्यातल्या माशांमधे या पेशी एकदम लहान आणि दाटीनं बसलेल्या, आणि जसजसं जमिनीवर यावं तसतशी त्यांची गर्दी कमी होत जाते. समुद्राचं खारं पाणी शरीरातलं पाणी सतत ओढत असतं, त्यामुळे तिथे ही भिंत पक्की लागत असणार. बऱ्याच माशांच्या पेशींवर बोटाच्या ठशासारख्या बारीक वळणदार कडा पण दिसतात, त्या चिकट द्रव धरून ठेवतात. आपल्या पेशींवर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्यावर अश्रूंचा थर टिकतो.

पाण्यात कॉर्नियाला प्रकाश वळवायचं काम फारसं उरतच नाही, कारण तो स्वतः जवळपास पाण्यासारखाच, सगळा भार भिंगावर. कालवणातल्या माशाच्या डोळ्यातून जी पांढरी टणक गोळी निघते ना, तेच ते भिंग. हवेत उलटं, आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं दोन तृतीयांश काम एकटा कॉर्निया करतो.

आता खाडीच्या चिखलात निवटी बघा, मासा असून हवेत फिरते, म्हणून तिचा कॉर्निया जास्त गोलाकार आणि भिंग थोडं चपटं. अश्रुग्रंथी नाही, तरी ती डोळा आत ओढून खालच्या कातडीच्या वाटीत बुडवते आणि ओला करून परत वर काढते. चक्क पापणी लवते म्हणायची! यावर २०२३ मधे चांगलं संशोधन आलंय.

सापाला लवणारी पापणी नाहीच, कॉर्नियावर पारदर्शक झाकण असतं. गडग्यात कात सापडली तर डोक्याकडचा भाग उजेडात धरा, दोन गोल चकत्या दिसतील. काही पक्षी तर दूरचं-जवळचं बघताना कॉर्नियाचा आकारच थोडा बदलतात.

आणि मोरी, म्हणजे आपला छोटा शार्क. शार्कच्या कुळात कॉर्नियाच्या थरांना आरपार शिवणारे तंतू असतात, त्यामुळे तो पाण्यात ठेवला तरी फुगत नाही. आपला असा शिवलेला नाही, आपण पूर्णपणे त्या आतल्या एका थरावर अवलंबून, आणि नेमक्या त्याच पेशी माणसात गेल्या की परत तयार होत नाहीत. सशात होतात. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरला तीनेक हजार असतात, वयाबरोबर कमी होत जातात, फारच कमी झाल्या की कॉर्निया पाणी धरतो आणि मग नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो. जपानमधे क्योटोच्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली, दात्याच्या या पेशी लॅबमधे वाढवल्या आणि ११ रुग्णांच्या डोळ्यात इंजेक्शननं सोडल्या, २०१८ मधे त्याचे निकाल आले. इंजेक्शन झाल्यावर प्रत्येकाला तीन तास पालथं झोपवून ठेवलं होतं, पेशी खाली उतरून कॉर्नियाला आतून चिकटाव्यात म्हणून.