बातमी नाही, निरोप

श्रोतेहो, नमस्कार. खासगी एफएमचा इतिहास आधी भरभर सांगते, कारण मला पोहोचायचंय एका रात्रीपाशी.

१९९३ साली आकाशवाणीने मुंबई-दिल्लीच्या एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना दिले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्रक्षेपणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. जनतेच्या, हे लक्षात असू द्या. मग खासगी स्टेशनांच्या परवान्यांचे लिलाव झाले. जुलै २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू झालं, पाठोपाठ मुंबईतली. परवाना शुल्क दर वर्षी १५ टक्क्यांनी चढायचं. जुलै २००५ च्या धोरणाने त्याऐवजी उत्पन्नाचे ४ टक्के ठरवले. आणि एक अट पहिल्यापासून होती: गाणी लावा, गप्पा मारा, पण बातम्या द्यायच्या नाहीत. बातम्या नाहीत म्हणजे नाहीत.

गप्पांवरून आठवलं. गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकवर बोलू नये हो! संगीतकाराने ते जीव ओतून बांधलेलं असतं. विविध भारतीवर गीतकार, संगीतकार यांची नावं सांगून मग गाणं लागायचं. ती रीत आम्ही एफएमवाल्यांनी घालवली, याचं मला फार वाईट वाटतं.

तर ती रात्र. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी तेव्हा मुंबईतल्या एका स्टेशनवर संध्याकाळचा शो करायचे. लोकल बंद, मोबाइल लागेनात, स्टुडिओ जनरेटरवर. आणि कॉम्प्युटरवर आदल्या दिवशी लावून ठेवलेली गाणी कोणती? सगळी पावसाची! भिजण्याची, छत्रीतली, पहिल्या सरीची. आमची प्रोड्युसर शेजारी बसून एकेक गाणं यादीतून काढत होती.

तेवढ्यात लँडलाइन वाजली. एक बाई म्हणाल्या, "शाळेची बस पाण्यात बंद पडली. चौदा मुलं माझ्या घरात आहेत. त्यांच्या आयांना सांगा, मुलं जेवलीत."

मी फोन हातात धरून गप्प. सांगायचं कसं? बातम्यांना तर बंदी. प्रोड्युसरने मान वर केली आणि म्हणाली, "ही बातमी नाही गं, हा निरोप आहे."

बातमी नाही, निरोप. मी माइकचा फेडर, म्हणजे आवाज चढवायची सरकती कळ, वर केला आणि वाचायला लागले. शाळा, बसचा नंबर, मग एकेक नाव आणि इयत्ता. एक गाणं, पुन्हा यादी. एक गाणं, पुन्हा यादी. फोन थांबेनात. कोणी सांगे, आमच्या सोसायटीच्या जिन्यात चाळीस माणसं बसलीत, कोणी सांगे, इकडून येऊ नका, गळ्याएवढं पाणी आहे. जाहिरातींच्या शेड्यूलच्या पाठकोऱ्या कागदांवर आम्ही सगळं उतरवत होतो.

रात्री दोनच्या सुमारास एका वडिलांचा फोन आला. पाण्यात अडकलेल्या त्यांच्या बसच्या ड्रायव्हरकडे ट्रान्झिस्टर होता, त्यावर त्यांनी यादी ऐकली होती. पुढे कमरेएवढ्या पाण्यातून चालत एका दुकानातल्या फोनपर्यंत ते पोहोचले होते. ते एवढंच म्हणाले, "ताई, नववं नाव परत वाचाल का?"

मी वाचलं. पलीकडून आवाज नाही. मी पुन्हा वाचलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या रात्री मोबाइल मुके झाले होते आणि दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर बोलत होता. म्हणून सांगते, घरात एक असू द्या. फोनवरचं अ‍ॅप म्हणजे रेडिओ नव्हे, त्याला नेटवर्क लागतं.

पुढे २०११ च्या धोरणात वाहतूक, हवामान, पाणी, वीज, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना या गोष्टी बातम्यांमध्ये मोडत नाहीत, असं लेखी आलं. ते वाचलं तेव्हा पहिला फोन मी त्या प्रोड्युसरला केला.

पावसाची गाणी आम्ही त्या वर्षी पुन्हा लावली ती थेट ऑगस्टच्या अखेरीस. पहिलं गाणं लावताना तिने विचारलं, "लावू ना?" आणि त्या गाण्याच्या म्युझिकवर मी एक शब्दही बोलले नाही.