पेन्सिलीनं लिहिलेली यादी

माईक जरा खाली घ्या. हां, आता ठीक. तुमच्या सरांनी मला फोनवर विषय दिला होता, ‘आपत्ती आणि युवाशक्ती’. मी म्हटलं, एवढा मोठा विषय माझ्याच्यानं पेलायचा नाही. मी सोळा वर्षांची असताना काय झालं ते सांगते, त्यात युवाशक्ती किती सापडते ते तुमचं तुम्ही बघा.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर डेपो. नळदुर्ग, अणदूर, जळकोट, उमरगा हा त्यांचा नेहमीचा रस्ता. 1993च्या जूनमध्ये, माझा दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात, रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. पुढच्या महिन्यात अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला गेले. ‘पालकाचे संपूर्ण नाव’ असा रकाना होता. मी बाबांचं नाव लिहिलं. खिडकीतले क्लार्क म्हणाले, अगं, ‘कै.’ लिही ना पुढे. मी पेन धरून नुसती उभी. मागे रांग. शेवटी त्यांनीच फॉर्म ओढून घेतला आणि आपल्या पेनानं ‘कै.’ लिहून शिक्का मारला. त्या दोन अक्षरांसाठी मी त्या माणसावर दोन वर्षं राग धरला. बिचाऱ्याचं काय चुकलं होतं?

त्या वर्षी घरी गणपती बसवला नव्हता. बुधवारी, 29 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी. गल्लीतल्या मिरवणुकीचे ताशे मध्यरात्रीनंतर थांबले. मला तेव्हा झोप लागायचीच नाही. पहाटे मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आईला वाटलं, उंदीर. मग छताचा पंखा हलताना दिसला आणि आम्ही बाहेर पळालो. घड्याळात चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. त्या क्षणी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर काय झालं हे सोलापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं. उजाडल्यावर सिव्हिलच्या आवारात ट्रक यायला लागले तेव्हा कळलं.

किल्लारीचा भूकंप तुमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर तेरणा नदी आहे. तिच्या दोन्ही काठांची गावं आडवी झाली. सरकारी आकडा मृतांचा सुमारे 7,900. लोक दहा हजार म्हणतात. रिश्टरवर सहाच्या थोडा वर. जगात याहून मोठे धक्के बसतात आणि इतकी माणसं मरत नाहीत. मग इथं का मेली? घरांमुळे. दगड आणि माती, दोन-अडीच फूट रुंद भिंती, त्यात सिमेंट नाही, चुना नाही. वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती बंद करायला आणखी चार पाट्या पांढरी माती टाकायची. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, मुलानं टाकली. हे घर उन्हाळ्यात असं गार, की एसी झक मारतो. पण त्या पहाटे भिंती फाकल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या घरांत माळवद भिंतीवर नव्हतं, लाकडी खांबांवर होतं, तिथं भिंती पडल्या तरी छत बऱ्याच ठिकाणी टिकलं. कोण खांबाच्या खोलीत झोपलं होतं आणि कोण नाही, एवढाच फरक.

आणि हे अचानक झालं, असंही नाही. आदल्या वर्षी, 1992च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किल्लारीत धक्क्यांची रांग लागली होती. लोक कित्येक रात्री अंगणात झोपले. मग धक्के थांबले, थंडी वाढली, लोक आत गेले. तुम्ही-आम्हीही गेलो असतो.

माझी कामाला सुरुवात सिव्हिलमध्ये झाली. एनएसएसच्या मुलांना सकाळी बोलावलं, मीही गेले. सेवाभाव वगैरे काही नव्हता. घरात बसवत नव्हतं, एवढंच. मला आणि आणखी एका मुलीला वही दिली. ट्रकमधून उतरवलेल्या माणसाचं नाव, गाव, बरोबर कोण. केसांत माती, कानांत माती. नाव विचारलं तर तोंडातून आधी माती यायची.

तिथं मी एक चूक केली, ती सांगून टाकते. सहा-सात वर्षांची एक मुलगी, पाय प्लास्टरमध्ये. मला विचारते, माय कुठाय? मी म्हटलं, येईल हं. मला वाटलं, धीर दिला. ती पोर चार रात्री झोपली नाही, दाराकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी सिस्टरनी मला जिन्यात गाठून असं झापलं, की अजून कान गरम होतात. ‘तुला बरं वाटावं म्हणून तिला खोटं सांगितलंस,’ असं त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. तुम्ही पुरात, दरडीत, कुठंही जाल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. ‘मला माहीत नाही, विचारून सांगते,’ हे वाक्य पाठ करून जा.

दिवाळीनंतर आमचं दहा दिवसांचं शिबिर तेरणेकाठच्या एका गावात गेलं. गावाचं नाव नाही सांगत, तिथली माणसं आहेत अजून. निघताना मामा म्हणाले, जाच तू. तिकडचं दुःख बघितलंस की आपलं काहीच नाही, हे कळेल. कॉलेजातल्या बाईही तेच बोलल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे काय, दुःखाचा तराजू असतो? त्यांची नऊ माणसं गेली म्हणून माझा एक बाप गेला तो मोजायचा नाही? आणि त्या लोकांनी तरी काय आम्हाला धडे द्यायला घरं पाडून घेतली होती? आजही कुणी भाषणात हे वाक्य टाकलं की मी उठून चहाला जाते.

आमची एसटी बाबांच्याच रस्त्यानं गेली. अणदूरला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरलेच नाही. तिथल्या चहाचं कौतुक बाबा घरी येऊन करायचे.

गाव म्हणजे दगडांचा ढीग. गल्ली कुठली, वाडा कुठला, काही कळायला मार्ग नाही. बाजूच्या रानात पत्र्याच्या शेडच्या ओळी. दुपारी तव्यासारख्या तापायच्या, पहाटे पत्र्यावरचं दव आत ठिबकायचं. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढिगारे. देशभरातून लोकांनी पाठवलेले. नऊवारी नेसणाऱ्या बायकांसाठी मिडी, फ्रॉक. एका गठ्ठ्यात मला सात टाय सापडले. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसांना पावाचे ट्रकच्या ट्रक. गुरांनीसुद्धा शेवटी तोंड फिरवलं त्या पावाकडून. मदत पाठवणाऱ्यांची टिंगल करत नाही मी. पण कपाट रिकामं करणं आणि मदत करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्हाला काम होतं घरवार यादीचं. कुटुंबातली माणसं, हयात किती, जखमी किती, मयत किती. घरं दाखवायला गावातला एक मुलगा बरोबर दिला, एकोणीस वर्षांचा. गणपती बुडवून आल्यावर मंडळाची पोरं शाळेच्या पटांगणातच आडवी झाली होती, त्यात हा होता, म्हणून वाचला. आई आणि बहीण गेली. वडलांच्या कमरेला मार. तो त्या ढिगावरून असा चालायचा, जणू गाव उभंच आहे. दोन दगड ओलांडले की म्हणायचा, ‘आता आपण पाटलाच्या ढेलजेत हाव. खाली वाका.’ आणि खरंच वाकायचा! वर मोकळं आभाळ. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी मीही वाकले.

त्यानं मला पत्र्याच्या शेवटच्या शेडमधल्या आजींकडे नेलं. घरात दहा माणसं, त्यातल्या या एकट्या उरल्या. पहाटे बाहेर, बसायला म्हणून ओढ्याकडे गेल्या होत्या. मी एकेक नाव विचारत होते आणि पुढे ‘मयत’ लिहीत होते. तोपर्यंत तो शब्द मी शे-दीडशे वेळा लिहिला असेल, हात सरावला होता. आजींनी वहीकडे बघत विचारलं, ‘काय लिवलालीस गं?’ मी वाचून दाखवलं. सहा वर्षांच्या नातवाचं नाव आलं तशी त्यांनी माझं मनगट धरलं. ‘त्याच्याम्होरं नको लिवूस.’

मी समजावलं. नाव लिहिलं नाही तर सरकारची मदत अडेल, असंही सांगितलं. आजी म्हणाल्या, मी बघितला नाही त्याला. आणि ते खरं होतं. पाऊस सुरू झाला होता, सरपण नव्हतं, पडक्या घरांच्या तुळया-फळ्या रचून एकेका चितेवर किती तरी जणांना दिलं होतं. कुणी कुणाचं तोंड बघितलं? मी पेन खाली ठेवलं. तो मुलगा मागे उभा होता. त्यानं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, ब्लेडनं टोक केलं आणि माझ्यापुढे धरला. आजींनी पेन्सिलीकडे बघितलं, थोडा वेळ विचार केला, म्हणाल्या, ‘हां. ह्यानं लिव.’

संध्याकाळी आमचे प्रमुख माझ्यावर भडकले, सरकारी यादीत पेन्सिल? तो मुलगा पुढे होऊन म्हणाला, पेनातली शाई सरली होती सर. पेन माझ्या हातात, भरलेलं. पुढे तालुक्याला कुणी तरी ते शाईनं गिरवलंच असेल.

आजींकडे मी रोज जायला लागले. एक दिवस त्या भाकरी थापताना मला म्हणाल्या, तू का गं अशी? मी बाबांचं सांगितलं. आता त्या ‘अरेरे’ म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, ‘त्या रातीला जेवले काय होते?’

पाचेक महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सोलापुरात मी खोलीत आले की लोक आवाज खाली करायचे. मी म्हटलं, भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. ‘दही घरचं?’ घरचं. ‘पोटभर जेवले?’ हो, आणखी अर्धी मागून घेतली. आजी म्हणाल्या, मग बरं झालं. आमची सगळी उपाशीच, इसर्जनाच्या गडबडीत कोण जेवलंय? आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी तिथं जी रडायला लागले ती भाकरी करपेपर्यंत. आजींनी थांबवलं नाही. फक्त म्हणाल्या, सरक, धूर डोळ्यात चाललाय.

मामांचं म्हणणं मला कधीच पटलं नाही. त्या दहा दिवसांत माझं दुःख तसूभर लहान झालं नाही. पण त्या गावात मेलेल्या माणसांबद्दल मोठ्यानं बोलायची सोय होती. कोण काय खायचं, कोण कसं घोरायचं, कुणाचे किती पैसे द्यायचे राहिले. घरी परत आले आणि आईला विचारलं, बाबांच्या गाडीचा हॉर्न तुला लांबून ओळखू यायचा का गं? आई आधी दचकली. मग रात्री एकपर्यंत बोलत होती.

पुढचं बरंचसं तुम्हाला पुस्तकांत मिळेल. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, 52 गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ ओळी. पूर्वी भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी कुठल्या कुठे गेले. बाराशेच्या आसपास मुलांना भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेलं. गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या, घरबांधणीतला काँक्रीटचा पट्टा कुठं हवा हे इंजिनिअरला सुनवायला लागल्या; 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी तिकडे धीर द्यायला गेल्या. यातल्या प्रत्येकावर एक व्याख्यान होईल, पण ते मी देऊ नये.

तुम्हाला त्या मुलाचं ऐकायचंय, कळतंय मला. तिसऱ्या रांगेत बसलेत, निळा शर्ट. नका बघू सगळे, उठून जातील.

शिबिरात आमच्यात काही झालं नाही. तो भूकंपातला आणि मी मदतीला आलेली. असं नातं त्या वेळी जुळलं असतं तर वाईट झालं असतं, असं माझं आजही मत आहे. एकानं सतत देणारं व्हायचं आणि दुसऱ्यानं सतत घेणारं! निघायच्या दिवशी त्यानं विचारलं, तुझे वडील उमरगा गाडीवर होते ना? मी बसलो असेन त्यांच्या गाडीत. मी म्हटलं, असशील. मग अंतर्देशीय पत्रं सुरू झाली. तो गावातलं लिहायचा. आज पाया खणला, आज आजींच्या शेळीला दोन पिल्लं. पुढे तो सोलापुरात आयटीआयला आला. पत्रांच्या तिसऱ्या वर्षी त्यानं त्याच्या बहिणीबद्दल पहिल्यांदा लिहिलं, पाठपोट, दोन्ही बाजूंनी, डिंक लावायच्या घडीवरसुद्धा. ते वाचलं आणि मी ठरवून टाकलं. त्याला आणखी दोन वर्षं लागली. हसू नका, खरंच लागली.

1999 साली लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. माझ्या वडलांच्या नावामागे ‘कै.’, त्याच्या आईच्या नावामागे ‘कै.’, दोन्ही माझ्या हातानं. मग तो कच्चा मजकूर घेऊन आम्ही दोघं आजींना वाचून दाखवायला नव्या गावात गेलो. आपल्याकडे पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांची ओळ असते ना, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. आजींनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग नातवाचं नाव सांगितलं. ‘तितं त्याचं बी टाक.’

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, आजी, तो आता बारा वर्षांचा झाला असता. मोठा झाला की या ओळीला.

आजींनी हिशेब केला बोटांवर. म्हणाल्या, ‘असू दे. ह्या वर्सी बसतंय अजून.’